सरळ ओढ

बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीवर उजव्या हाताला चार कामं असतात. दांडी वर उचलायची, मागे ओढायची, पुढे लोटायची, खाली पाडायची. कॉलेजात असताना एनसीसीच्या कॅम्पात .303 वर ही कामं आमच्याकडून इतकी घोटून घेतली होती, की आजही कुणी रिकाम्या हातानं करून दाखवा म्हटलं तर मनगट आपोआप वळेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या काही बुद्धिमान माणसांनी ठरवलं, की यातलं पहिलं आणि शेवटचं काम हाताकडून काढून घ्यायचं. दांडी सरळ मागे ओढायची, सरळ पुढे लोटायची. कुलूप आतल्या आत उघडेल आणि आतल्या आत लागेल. या रायफलींना स्ट्रेट-पुल म्हणतात. ऑस्ट्रिया-हंगेरी त्यांच्यावर पहिलं महायुद्ध लढलं. स्वित्झर्लंडनं आपल्या नागरिकांच्या दोन-तीन पिढ्या त्यांच्यावर तयार केल्या. कॅनडाची पहिली डिव्हिजन त्या खांद्याला लावून फ्लँडर्सच्या चिखलात उतरली.

माझं नोकरीचं आयुष्य तळोजा एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये गेलं. कामोठ्यात सिडकोच्या प्लॉटांवर इमारती उभ्या राहत होत्या, मानसरोवर स्टेशनाच्या बाहेर संध्याकाळी रिक्षा मिळणं मुश्कील होतं, तेव्हापासून आम्ही इथे आहोत. जिग, फिक्स्चर, कॅम, डाय यांत ज्याचे हात काळे झाले, तो माणूस बंदुकीकडे आधी बंदूक म्हणून पाहत नाही. त्याला आधी दिसतं ते फिटिंग. कुठला भाग कशात बसलाय, किती घट्ट बसलाय, किती मोकळीक सोडलीय. ही मोकळीक, आमच्या भाषेत क्लिअरन्स, ठरवणं हा आमच्या धंद्यातला रोजचा प्रश्न आणि रोजचा वाद. स्ट्रेट-पुल रायफलींचं भाग्यही याच एका प्रश्नावर फळलं किंवा फुटलं, असं माझं ठाम मत आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. रायफलीची नळी मागून बंद करणारा दांडका म्हणजे बोल्ट. त्याच्या अंगावर पुढे आलेले दोन जाड कान असतात, त्यांना लग म्हणायचं. बोल्ट फिरला की हे लग खाचांत जाऊन बसतात आणि दार बंद होतं. काडतूस पेटलं की आत दर चौरस सेंटिमीटरला तीन टनांहून जास्त दाब तयार होतो, आणि तो सगळा या लगांनी पेलायचा असतो. म्हणून अशा रचनेत बोल्ट फिरलाच पाहिजे, त्यातून सुटका नाही. .303 मध्ये तो तुम्ही मनगटानं फिरवता. ऑस्ट्रियाच्या फर्डिनांड मॅन्लिखर यांच्या 1895 च्या रायफलीत बोल्ट दोन तुकड्यांचा केला आहे. बाहेरचा तुकडा पोकळ, आणि त्याच्या आतून मळसूत्री आटे. आतला तुकडा त्या आट्यांत बसलेला. बाहेरचा तुकडा सरळ मागे ओढला की आटे आतल्याला फिरवतात, लग खाचांतून निघतात आणि मग दोघं मिळून मागे येतात. सुताराच्या सामत्यात कामट्याच्या सरळ ओढीनं पातं गरगरतं, तशीच ही सरळ ओढीतून काढलेली फिरकी.

कागदावर हे इतकं देखणं आहे, की पहिल्यांदा आकृती पाहिली तेव्हा मी जेवण विसरलो होतो. पण टूलरूमचा माणूस लगेच दुसरा प्रश्न विचारतो. फिरवण्याचं बळ मनगटानं दिलं नाही, तर ते आणायचं कुठून? आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, मनगट फिरताना जे आणखी एक काम गुपचूप उरकत होतं, ते आता कोण करणार?

ते काम पुंगळी सोडवण्याचं. गोळी सुटते त्या क्षणी पितळी पुंगळी फुगते आणि चेंबरच्या भिंतीला चिकटते. दाब उतरला की ती थोडी आकसते, पण पुरती सुटतेच असं नाही. चेंबरमध्ये माती असेल, पितळ मऊ निघालं असेल, नळी तापली असेल, तर ती धरून बसते. साध्या बोल्टमध्ये दांडी वर उचलताना तिचं बूड एका उतारावर घासत चढतं आणि बोल्ट केसभर मागे सरकतो. तो केसभर सरकतो, पण तरफेच्या सगळ्या जोरानं सरकतो. पुंगळीची पकड तिथेच मोडते, मागे ओढायला मग कष्ट नाहीत. स्ट्रेट-पुलमध्ये ही तरफ जवळजवळ नाहीशी होते. पुंगळी अडकली की तुमच्या दंडाचं बळ आणि चिकटलेलं पितळ यांची सरळ कुस्ती. हातानं वाचवलेलं काम कुठे तरी दुसरीकडे भरावं लागतं. काडतूस बनवणाऱ्यानं ते अचूक बनवावं, रायफल बनवणाऱ्यानं चेंबर नीट कोरावं, नाहीतर शिपायानं आपल्या खांद्यातून भरावं.

तीन देशांनी याची तीन उत्तरं दिली. त्यांतल्या दोघांच्या रायफली मी हाताळल्या, झाडल्या. तिसरी फक्त कागदावरून आणि चित्रांवरून ओळखीची आहे.

मुलगी आणि जावई स्वित्झर्लंडमध्ये बर्नजवळ राहतात. तिथल्या गावागावात तीनशे मीटरची फायरिंग रेंज आहे, आपल्याकडे गावाला तालीम असावी तशी. दर वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला फेल्डशीसन नावाचा नेमबाजीचा सण भरतो. तीनशे मीटरवर अठरा गोळ्या: पहिल्या सहा सावकाश, मग एका मिनिटात तीन आणि पुन्हा एका मिनिटात तीन, शेवटी एका मिनिटात सहा. जास्तीत जास्त बहात्तर गुण. म्हाताऱ्या बायका, शाळकरी पोरं, शेतकरी, बँकेतले साहेब, सगळे एका रांगेत पालथे पडलेले. माझ्या जावयाच्या ऑफिसातला एक ज्येष्ठ सहकारी जुन्या रायफलींचा संग्रह करतो. त्याच्याच कृपेनं एका शांत संध्याकाळी, त्याच्या नजरेखाली, तीन रायफली एकामागून एक माझ्या खांद्याला लागल्या.

पहिली 1911 ची श्मिट-रुबिन. कर्नल रुडॉल्फ श्मिट यांनी 1889 मध्ये तिची मूळ रचना केली. काडतूस मेजर एडुआर्ड रुबिन यांचं. गोळीच्या शिशाला तांब्याचं कवच चढवण्याचं काम रुबिननं 1880 च्या दशकाच्या सुरुवातीलाच केलं होतं, आणि बिनधुराच्या दारूच्या वेगवान गोळीला पुढे तेच लागलं. ही 1911 ची रायफल एक मीटर तीस सेंटिमीटर लांब आणि साडेचार किलोच्या वर जड. बोल्ट लांबलचक. दांडी ओढताना जाणवतं, की आत बरंच लोखंड प्रवास करतंय. पण तो प्रवास रेशमी आहे. ओढ संपते तिथे एक मऊ थांबा लागतो, आणि पुढे लोटताना शेवटच्या दोन बोटांइतक्या अंतरात कुलूप स्वतःहून बसतं. मी कॅमवर काम केलेला माणूस आहे. इतकी स्वच्छ कॅम मी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिली.

दुसरी के-31, म्हणजे 1931 ची काराबिनर. बर्नच्या सरकारी शस्त्र कारखान्यात, आडोल्फ फुरर यांच्या हाताखाली तिची रचना झाली. या माणसानं जे केलं त्याला मी मनापासून नमस्कार करतो. त्यानं बोल्टची लांबी जवळपास निम्म्यावर आणली आणि लग पुढे, नळीच्या तोंडाशी नेले. रायफलीची एकूण लांबी आधीच्या काराबिनरइतकीच राहिली, पण बोल्टनं सोडलेली जागा नळीला मिळाली आणि ती सहा सेंटिमीटर लांब झाली. कुठेही जादा धातू न लावता अशी जागा काढणं म्हणजे डिझाइनचा खरा कस. 1950 च्या दशकाच्या अखेरपर्यंत अशा पाच लाखांहून जास्त रायफली बनल्या आणि प्रत्येकीच्या बोल्टच्या तुकड्यांवर त्या रायफलीच्या नंबराचे शेवटचे आकडे ठोकलेले असतात. हा तुकडा याच रायफलीचा, शेजारच्या रायफलीत घालायचा नाही. ज्यानं कारखान्यात हातानं घासून फिटिंग केलंय, त्याला या आकड्यांचं मोल कळेल.

पालथं पडून के-31 झाडताना एक गोष्ट चटकन ध्यानात आली. .303 वर दांडी उचलली की कोपर हलतं, गाल दस्त्यावरून सुटतो, नेम पुन्हा नव्यानं धरावा लागतो. इथे हात मागे येतो आणि जातो, गाल जागेवर राहतो. फोरसाइट काळ्या गोलाखालून फारशी हलत नाही. एका मिनिटात सहा गोळ्या मारायच्या परीक्षेत याचा अर्थ काय होतो, हे तिथल्या आजीबाईंच्या कार्डावरून कळत होतं. धक्का सरळ खांद्यात येतो, उडी मारत नाही. ट्रिगरचा पहिला टप्पा हलका, मग एक भिंत, आणि भिंत काचेसारखी तुटते.

गोळ्या संपल्यावर त्या गृहस्थानं एक स्क्रू-ड्रायव्हर हातात दिला आणि दस्त्याच्या मागची लोखंडी पट्टी उघडायला सांगितली. पट्टीखाली, लाकडाला चिकटून, घडी घातलेला कागदाचा एक लहान तुकडा होता. त्यावर शाईनं शिपायाचं नाव, जन्मसाल, पलटण आणि गाव. स्विस शिपाई आपली रायफल घरी ठेवत, आणि ती कुणाची हे सांगणारी ही चिठ्ठी पुष्कळ के-31 रायफलींच्या पट्टीखाली आजही सापडते. ते नाव इथे लिहिण्याचा मला अधिकार नाही. पण लाकडाचा तळ बुटांनी खरवडलेला होता आणि चिठ्ठीतलं अक्षर शाळेत गिरवलेलं वळणदार होतं. कागद मी होता तसाच परत ठेवला आणि दोन्ही स्क्रू मूळ खाचेपर्यंत नेऊन बसवले.

तिसरी रायफल मात्र वेगळ्या घराण्यातली. स्टायरची मॅन्लिखर 1895, तोकडी, जेमतेम मीटरभर लांब. महायुद्धानंतर, 1930 च्या दशकात अशा असंख्य रायफली कापून आखूड केल्या आणि त्यांत जास्त ताकदवान काडतूस बसवलं. जेमतेम तीन किलोंच्या रायफलीत असं काडतूस म्हणजे खांद्याला शिक्षाच. पण मी सांगतोय ते बोल्टबद्दल. श्मिट-रुबिन हात धरून नेते. मॅन्लिखरला ओढावं लागतं, आणि कच न खाता ओढावं लागतं. अर्ध्या मनानं ओढलं तर आटे हलत नाहीत, दांडी दगडासारखी. एकदा ठरवून झटका दिला की मात्र ती खाडकन उघडते. ऑस्ट्रियन शिपायांनी तिला 'रुक-त्सुक' म्हटलं, तो याच झटक्याचा आवाज. पाच काडतुसं एका पत्र्याच्या क्लिपसकट वरून आत दाबायची. शेवटचं काडतूस चेंबरमध्ये गेलं की रिकामी क्लिप पोटाखालच्या भोकातून आपोआप गळून पडते. ते भोक खंदकात चिखलालाही तितकंच मोकळं होतं, हे विसरून चालणार नाही. तरीही तीस लाखांच्या आसपास बनलेली ही रायफल गॅलिसियाच्या थंडीत आणि आल्प्सच्या कड्यांवर चालली. तिच्यात नजाकत नाही, पण भरपूर मोकळीक आहे, आणि शिपायाच्या दंडावर तिचा पुरा भरवसा आहे.

भरवसा चुकीच्या जागी ठेवला तर काय होतं, ते रॉस रायफलीनं दाखवलं. सर चार्ल्स रॉस हे स्कॉटिश सरदार, स्वतः निष्णात शिकारी आणि नेमबाज. क्वेबेकमध्ये त्यांनी कारखाना काढला आणि .303 काडतुसाची स्ट्रेट-पुल रायफल कॅनडाच्या सैन्याला दिली. कॅनडाचे मंत्री सॅम ह्यूज तिच्यावर इतके लुब्ध होते, की तिच्याविरुद्ध बोललेला शब्द ते स्वतःवर घेत. टार्गेट रेंजवर रॉस खरोखरच अप्रतिम होती. बिस्लेच्या सामन्यांत तिनं भल्याभल्यांना मागे टाकलं. मग 22 एप्रिल 1915 ला ईप्रजवळ जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला. त्या धुक्यात, चिखलात, घाईघाईनं झाडताना रॉसचे बोल्ट अडकू लागले. तिचं चेंबर काटेकोर मापाचं, आणि ब्रिटिश कारखान्यांतून घाईत निघालेली काडतुसं त्या मापाला धरून नव्हती. शिवाय बोल्ट मागे येऊन ज्या खुंटीवर थांबायचा, ती एका लगाच्या कडेला ठोकर देई. कड दबली की बोल्ट आणखी जाम. शिपाई बुटाच्या टाचेनं दांडीवर लाथा मारून रायफल उघडत होते. हजाराहून जास्त जणांनी ती फेकून दिली आणि मेलेल्या ब्रिटिश शिपायांच्या हातातली ली-एन्फील्ड उचलली. 1916 मध्ये रॉस आघाडीवरून काढून घेण्यात आली. फक्त स्नायपर तिला सोडायला तयार नव्हते. निवडक काडतूस, स्वच्छ चेंबर आणि सावकाश नेम, या तीन गोष्टी ज्याच्या हातात होत्या, त्याच्याशी ती इमानानं वागली.

त्याच ईप्रला, कॅनडावाल्यांनी आघाडी तोलून धरल्यावर, 26 एप्रिलला हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजन हल्ल्यात उतरली. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या कंपन्या या डिव्हिजनमध्ये होत्या. त्यांच्या हातात आखूड ली-एन्फील्ड होती. काडतूस तेच, चिखल तोच, पण रायफल चालत होती. आमच्या टूलरूममध्ये कुणी ली-एन्फील्डचं चेंबर तपासायला आणलं असतं, तर मी ते ढिलं म्हणून नापास केलं असतं. पण याच ढिलाईत चिखल मावायचा, वेड्यावाकड्या मापाचं पितळ मावायचं. तिचे लग बोल्टच्या मागच्या टोकाला. नेमबाजीची शास्त्रं याला दोष मानतात. दांडी मात्र जेमतेम साठ अंशांतून उचलायची, आणि उचलतानाच पुंगळी सुटायची. सराव झालेला शिपाई मिनिटाला पंधरा नेमक्या गोळ्या मारायचा. मनगट वळवूनच मारायचा.

जेम्स पॅरिस ली यांच्याबद्दल इथे सांगितलंच पाहिजे. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, कॅनडात वाढलेला हा माणूस. ली-एन्फील्डचा बोल्ट त्याचाच, आणि 1895 मध्ये अमेरिकन नौदलानं घेतलेली सहा मिलिमीटरची स्ट्रेट-पुल रायफलही त्याचीच. दोन्ही वाटा एकाच डोक्यातून निघाल्या. नौदलानं आपली रायफल थोड्याच वर्षांत सोडून दिली. दुसरी अर्ध्या जगात पसरली आणि हुगळीकाठच्या ईशापूरमध्ये तर 1960 च्या दशकातही नव्या रूपात बनत राहिली. फर्डिनांड मॅन्लिखर आणि ली हे दोघं 1904 च्याच सुरुवातीला, एकमेकांच्या पाठोपाठ वारले. स्ट्रेट-पुल खंदकात कशी वागेल, हे पाहायला त्यांपैकी कुणीही नव्हतं.

मराठी शिपाई आणि स्ट्रेट-पुल रायफल समोरासमोर आली असेल ती इरिट्रियात. पहिल्या महायुद्धानंतर भरपाई म्हणून आणि लूट म्हणून इटलीला ऑस्ट्रियाच्या असंख्य मॅन्लिखर रायफली मिळाल्या होत्या. त्यांतल्या पुष्कळ त्यांनी पूर्व आफ्रिकेतल्या आपल्या अस्कारी, म्हणजे स्थानिक शिपायांच्या, पलटणींना दिल्या. 1941 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये केरेनच्या डोंगररांगांवर चौथी आणि पाचवी हिंदी डिव्हिजन या सैन्याला भिडल्या. पाचव्या डिव्हिजनमध्ये फिफ्थ मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण होती; तीच पुढे 1952 मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. डोलोगोरोडोकच्या किल्ल्याखालच्या उघड्या, तापलेल्या उतारांवरून ही मावळी पोरं वर चढली. 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही गर्जना मराठा पलटणीत या लढाईपासून रुजली, असं रेजिमेंटच्या परंपरेत सांगतात. वरून अस्कारी सरळ ओढीच्या रायफली झाडत होते, खालून सातारा-रत्नागिरीची मनगटं वळत होती. 27 मार्चला केरेन पडलं. ते कुठल्या बोल्टमुळे पडलं असं मी म्हणणार नाही. तिथे तोफा होत्या, विमानं होती, आणि माणसं तर होतीच. पण तो चढ चढणाऱ्या शिपायाला पुंगळी अडकली तर काय, ही चिंता समोरच्यापेक्षा कमी होती, एवढं यंत्र ओळखणारा माणूस म्हणून मी नक्की म्हणेन.

स्वित्झर्लंडात रायफल घरच्या कपाटात असते, आणि इथे कामोठ्यात मला जुनी निकामी नळीसुद्धा हातात घ्यायची तर परवान्याचा प्रश्न उभा राहतो. याला इतिहास आहे, आणि तो आमच्या दाराशीच आहे. पनवेल तालुक्यातलं शिरढोण इथून फार लांब नाही; वासुदेव बळवंत फडके यांचा 1845 मधला जन्म तिथला. लिटनच्या सरकारनं 1878 मध्ये शस्त्रांचा कायदा करून हिंदी माणसाच्या हातातलं हत्यार परवान्याखाली आणलं, आणि पुढच्याच वर्षी फडक्यांनी मिळतील त्या तलवारी-बंदुका घेऊन बंड उभारलं. स्वतंत्र भारताचा कायदा 1959 चा. त्यातही लष्करी बोअर सामान्य नागरिकाला बंदच. मी त्याबद्दल कुरकुर करत नाही. मोठ्या गर्दीच्या शहरात ही बंधनं असावीत, असंच मला वाटतं.

नेमबाजीची हौस मात्र इथे कायद्याच्या चौकटीत छान वाढली आहे. सुमा शिरूर यांनी पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत लक्ष्य शूटिंग क्लब उभा केला, आणि पाठीवर लांब काळी केस घेतलेली मुलं-मुली आता आमच्या भागात कुणाला नवी वाटत नाहीत. अवनी लेखराचं टोकियोचं पॅरालिम्पिक सुवर्ण सुमाताईंच्या मार्गदर्शनाखाली आलं. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिसला पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, तेव्हा मी टीव्हीसमोर त्याचा चेहरा कमी आणि उजवा हात जास्त पाहत होतो. आणि सरळ ओढ संपलेली नाही. बर्फावरच्या बायथलॉनमध्ये धापा टाकत आलेला खेळाडू आजही बोटांच्या सरळ खेचीनं बोल्ट चालवतो. तिथे चिखल नाही, खंदक नाही; काडतूस .22 चं, कमी दाबाचं आणि एकसारखं. सरळ ओढीला हवं तसं जग तिला शेवटी तिथे मिळालं.

मॅन्लिखरनं आपल्या देशातही एक घर केलं आहे, आणि ते फार थोड्यांना ठाऊक असतं. इंग्रजांच्या काळी .303 खाजगी माणसाला मिळत नसे. म्हणून हिंदुस्थानातल्या परवानाधारकांसाठी बनवणाऱ्यांनी ब्रिटिश लष्कराचं नसलेलं दुसरं काडतूस शोधलं. ते होतं ऑस्ट्रियाचं आठ मिलिमीटरचं, म्हणजे इंचात .315. ईशापूरच्या कारखान्यानं याच काडतुसाची स्पोर्टिंग रायफल काढली, आणि तिचा बोल्ट ली-एन्फील्डच्या वळणाचा. काडतूस मॅन्लिखरच्या घराण्याचं, हात लीचा.

आमच्या सेक्टरातल्या एका सराफी पेढीवर अशी .315 घेऊन एक निवृत्त हवालदार उभे असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे, सांगली जिल्ह्यातले, सत्तरीकडे झुकलेले. पावसाळ्यात इथल्या खाडीच्या दमट हवेत लोखंड दोन दिवसांत तांबारतं. त्यांच्या रायफलीवर मी कधी गंजाचा ठिपका पाहिला नाही. ओळख वाढल्यावर एकदा त्यांना म्हटलं, "हवालदारसाहेब, एक काडतूस बघायला मिळेल का?" त्यांनी ते माझ्या हातात दिलं नाही. स्वतःच्या तळहातावर उभं धरून दाखवलं. पितळेचं जाड बूड, बाहेर आलेली कड, बुडाशी खडकीच्या कारखान्याचा 'के एफ'.

मी त्यांना व्हिएन्नापासून केरेनपर्यंत सगळं सांगितलं. ते ऐकत होते, नजर मात्र दारावर. केरेनचं नाव आलं तेव्हा फक्त म्हणाले, "म्हंजे तितं आमच्या पलटणीवर जे झाडलं, त्येचीच ही जात?"

"जात तीच. फक्त त्यांची रायफल अशी सरळ ओढायची," असं म्हणून मी हवेत हात मागे-पुढे करून दाखवला.

त्यांनी काडतूस खिशात ठेवलं. "आन् पुंगळी अडकली तर?"

"दस्ता जमिनीला टेकवायचा आणि दांडीवर बुटानं लाथ."

"गोळ्या येत असताना?"

"गोळ्या येत असताना."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "काका, आमी बेळगावला रंगरूट व्हतो. श्रावणातला पाऊस, रेंजवर गुडघाभर चिखल. माज्या थ्री-नॉट-थ्रीत पुंगळी बसली. मी आपला दांडी मागं खेचतुय, खेचतुय, काय हलंना. उस्ताद आले, म्हणाले, येड्या, खेचतोस काय, आदी उचल. आन् दांडीखाली तळहात मारला, एकदाच. पुंगळी भाईर."